चौथी चौकट

लकडगंज, नागपूर
४ नोव्हेंबर

वेदिका हिस,

'ताई' हा शब्द मी जाणीवपूर्वक गाळला आहे. विसरले असे समजू नकोस. तीन वर्षांपूर्वी तू माझा नंबर ब्लॉक केलास, त्यामुळे लकडगंजातून वर्धा रोडवरच्या तुझ्या फ्लॅटपर्यंत हे पत्र टपालाने प्रवास करील. त्यात माझी सोयच आहे. आपण बोलू लागलो की माझा आवाज आत जातो आणि तुझा वर चढतो. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

तुझे कुरिअर काल मिळाले. आई पडल्याचे तुला शेजारच्या भागीरथाकाकूंनी कळवले, हे लिफाफा उघडल्यावर समजले. आम्ही कळवले नव्हते. "तिला काहून सांगायचं?" असे बाबा म्हणाले.

ऐकीव माहितीवर तुला निदान करावे लागू नये, म्हणून घडले ते लिहिते. गेल्या गुरुवारी संध्याकाळी आईने नेहमीप्रमाणे मधुमेहाची गोळी घेतली आणि नेहमीप्रमाणे ती जेवली नाही. साडेआठच्या सुमारास वरणाच्या पातेल्यासकट ती ओट्याजवळ कोसळली. आवाज ऐकून भागीरथाकाकू मागच्या दाराने आल्या आणि त्यांनी तिच्या तोंडात साखर घातली. बाबा देवळात गेले होते. मी माझ्या खोलीत होते. दार बंद होते.

डॉ. शामला यांनी साखर मोजली, तेव्हा ती अठ्ठेचाळीस होती. तीही काकूंनी साखर भरवल्यानंतरची. हिमोग्लोबिन पावणेआठ. "गोळी घेता आणि वर उपाशी राहता? कधीपासून?" असे त्यांनी विचारले. आई पंख्याकडे पाहत म्हणाली, "एकवेळच जेवते मी. हलकं वाटते." डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी कमी केली आहे, पण रात्रीचे जेवण सुरू झाले नाही तर पुढच्या वेळी साखर भरवायला शेजारीण वेळेवर येईलच असे नाही, हे त्यांनी मला बाहेर बोलावून स्पष्टपणे सांगितले.

आता लिफाफ्यातून निघालेल्या तुझ्या तक्त्याविषयी. वरती आईच्या नावाने 'यमुताई, स्त्री, वय ५८' असे छापले आहेस. मिहानमधल्या तुझ्या कंपनीत, दिवसभर खुर्चीत बसून पोट सुटलेल्या माणसांना देतेस तोच हिरवा कागद. फक्त नाव बदललेले. आहार, हालचाल, झोप आणि मन अशा चार चौकटी. 'आरोग्य म्हणजे या चारांचा तोल' अशी तळटीप. प्रत्येक चौकटीत महिन्याची तीस घरे, रोज एक खूण करायची. आणि चौथ्या चौकटीत, मनाच्या, तू लिहिले आहेस : 'रात्रीचे जेवण घरातील सर्वांनी एकत्र घ्यावे.'

हे वाक्य तू लिहावेस? भरल्या ताटावरून उठून जी गेली ती तीन वर्षांत उंबऱ्याशी आली नाही, तिने?

चिठ्ठीत तू विचारले आहेस, 'आई रात्री का जेवत नाही?' आहारतज्ज्ञ झालीस, तरी घरची गोष्ट तुला उमजू नये याचे मला नवल वाटते. तो नवस आहे. नवस बोलून दाखवला की फळत नाही, असे आई मानते. त्यामुळे तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. माझ्या दहावीला तिने साखर सोडली होती, बारावीला भात. दोन्ही वर्षी मी शाळेत पहिली आले. तीन वर्षांपूर्वी जून महिन्यात मी स्पर्धा परीक्षेच्या वर्गात नाव घातले, आणि त्याच आठवड्यात तिने रात्रीचे जेवण सोडले. ती माझ्यासाठी उपाशी राहते. हे मी अभिमानाने लिहीत आहे असे तुला वाटेल. वाटू दे.

लिफाफ्यात 'मुग्धा, स्त्री, वय २४' असा आणखी एक हिरवा कागद होता. तो मी फाडला.

मुग्धा

*

१३ नोव्हेंबर

वेदिका हिस,

तुझे पोस्टकार्ड मिळाले. त्यावर चार शब्द आहेत : 'मग पास तरी हो.'

लिफाफ्याऐवजी पोस्टकार्ड निवडण्यामागचा तुझा हेतू सफल झाला. ते पोस्टमनने वाचले, भागीरथाकाकूंनी वाचले, आणि शेवटी ते मला देण्यात आले. काकू म्हणाल्या, "तुह्या बहिणीनं तं चार शब्दांतच पेपर काढला वं, मुग्धा. सोडव आता." मी आत निघून गेले. अशा प्रसंगी लोक काय उत्तर देतात ते मला नेहमी दुसऱ्या दिवशी सुचते.

तुझ्या तक्त्याचे मी पालन करीत नाही, असा आरोप तुला करता येऊ नये म्हणून मी तो काटेकोर अमलात आणला. आईची सकाळ साडेसहाला सुरू होते. मोड आलेले मूग, ज्वारीची भाकरी, दुपारी ताक. बाबांनाही तेच. "आजारी ती, अन् पथ्य मला?" असे ते रोज ताटाकडे पाहून विचारतात आणि रोज सगळे संपवतात. दुपारी वीस मिनिटे झोप. संध्याकाळी बगिच्यात तीस मिनिटे चालणे. मी सोबत घड्याळ घेऊन असते.

"अगं, मी काय मिलिटरीत भरती होऊन राहिली का?" तिसऱ्या फेरीला आईने विचारले.

"अजून सात मिनिटं आहेत."

"ती सात तूच चाल. मला काही झालं नाही, तुलाच धाप लागून राहिली. बस त्या बाकावर."

मी बसले, कारण तिचे निरीक्षण अचूक होते. तीन वर्षे मी खोलीतून वर्गात आणि वर्गातून खोलीत एवढेच चालले आहे. हे मी तुला का सांगावे ते मला ठाऊक नाही. तुझ्या तक्त्यात बसणारी मी नव्हे.

दहा दिवसांत पहिल्या तीन चौकटींत एकही घर रिकामे राहिले नाही. मी पेनाने खुणा केल्या आहेत, पेन्सिलने नव्हे. तरीही आई रात्री जेवलेली नाही. ती माझे ताट माझ्या टेबलावर आणून ठेवते, बाबांना ओट्याशेजारी वाढते, स्वतः पाणी पिते आणि झोपते. तीन चौकटी भरल्या की चौथी आपोआप भरते, असे तुमच्या शास्त्रात असेल तर ते शास्त्र चुकीचे आहे.

परवा माझ्या पूर्वपरीक्षेचा निकाल लागला. तुझ्या चार शब्दांचे उत्तर 'नाही' असे आहे. साडेतीन गुणांनी. तिसऱ्यांदा. आनंद झाला असेल तर कुणाला तरी पोस्टकार्ड पाठव.

मी आईला लगेच सांगितले. ती कणीक मळत होती. "बरं, आता रात्री जागू नको," एवढे म्हणाली आणि पिठाच्या हाताच्या मागच्या बाजूने तिने माझे केस मागे सारले. ती रडली नाही, याचा मला राग आला. माझ्यासाठी तीन वर्षे उपाशी राहणारे माणूस एवढ्या शांतपणे नापास कसे होऊ शकते?

मुग्धा

*

२० नोव्हेंबर

वेदिका हिस,

थोडक्यात लिहिते.

आईने माझ्यासाठी जेवण सोडले असेल, तर ते तिला परत देणेही माझ्याच हाती आहे, असा विचार मी केला. विचार तर्कशुद्ध होता. मंगळवारी मी सर्व पुस्तके सुतळीने बांधली, चार गठ्ठे झाले, आणि रिक्षाने नेऊन वस्तीतल्या अभ्यासिकेला देऊन आले. आईसमोर उभी राहून म्हणाले, "मी परीक्षा सोडली. कायमची. आता तू रात्री जेव."

यावर आई जे बोलली ते मी लिहिणार नाही.

यापुढे तक्ते पाठवू नकोस. आई रात्री का जेवत नाही हा तुझा प्रश्नही मी निकालात काढत आहे. काल त्याचे खरे उत्तर मला मिळाले. ते तुला सांगण्याची मला आवश्यकता वाटत नाही.

मुग्धा

*

२६ नोव्हेंबर

वेदिका हिस,

हे पत्र स्पीड पोस्टने पाठवीत आहे, कारण ते शनिवारच्या आत तुझ्या हाती पडले पाहिजे. मागच्या पत्रात जे लिहिणार नाही असे म्हटले, ते लिहिते. काल सकाळी आईची साखर पुन्हा खाली आली होती. डॉ. शामला या वेळी माझ्यावरच चिडल्या. "गोळी जेवढी कमी करायची तेवढी केली. आता मी औषध देऊ की भांडण मिटवू?" असे त्या म्हणाल्या. कुठले भांडण हे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी सासू-सुनेचे गृहीत धरले असावे.

मी पुस्तके देऊन आले आणि आईला जेवायला सांगितले, तेव्हा ती लसूण सोलत होती. तिने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी तिला परक्या भाषेतला प्रश्न विचारला आहे.

"तुझ्या परीक्षेचा अन् माझ्या जेवणाचा काय संबंध, मुग्धा?"

मी म्हणाले, "नवस."

"तुझ्यासाठी नवस काहून करू मी? तू तशीही पहिलीच येतेस." मग पुढची पाकळी सोलत म्हणाली, "नाही आलीस तरी चालते मला."

मी खोलीत गेले. टेबल रिकामे होते. त्या रिकाम्या टेबलासमोर बसून मला पहिल्यांदा जे वाटले ते दुःख नव्हते, लाज होती. या घरात जे काही होते ते माझ्या गुणपत्रिकेसाठी होते, असे मी तीन वर्षे समजत होते. आईच्या उपासाचासुद्धा मी माझ्या तयारीत समावेश केला होता.

करण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तुझा तक्ता वाचला, आणि चौथ्या चौकटीतल्या वाक्याप्रमाणे रात्री आठ वाजता स्वयंपाकघरात जाऊन बसले. हे तुला विचित्र वाटेल, पण तू गेल्यापासून मी रात्रीच्या जेवणाला तिथे कधीच नव्हते. माझे ताट खोलीत येत असे. मला पाहून आई दचकली. "काय हवं?" म्हणाली. "इथेच जेवते," मी म्हणाले.

तिने मांडणीवरून तीन ताटे काढली. एक बाबांचे, एक माझे. तिसऱ्याच्या काठावर नाव कोरलेले आहे : 'चि. वेदिका, प्रथम वाढदिवस, मामाकडून'. ते तिने ओल्या फडक्याने पुसले, मग कोरड्याने पुसले, नावावरून अंगठा फिरवला आणि परत मांडणीवर ठेवले. स्वतःचे ताट तिने काढलेच नाही. बाबा खाली मान घालून भाकरी मोडत होते. त्यांना हे पाठ होते. हे रोज होते, आणि मला खोलीत बसून राज्यघटनेची कलमे पाठ होती.

मी मागच्या दाराने भागीरथाकाकूंकडे गेले. मी आपणहून त्यांच्याकडे कधी जात नाही, त्यामुळे त्यांनी आधी 'यमुताई पुन्हा पडली काय?' असेच विचारले. मी ताटाचे सांगितले.

"तुले आता दिसलं काय वं?" त्या म्हणाल्या. "मी तं या खिडकीतून तीन वर्षं झाले रोज पाहून राहिली. वेदी उठून गेली, त्या रातचं तिचं उष्टं ताट यमुताईनं झाकून ठेवलं. येईन म्हणे. सकाळी गाईले घातलं. तवापासून रातच्या जेवणाले बसली नाही ते."

"मला का नाही सांगितलं?"

"तू दाराच्या बाहेर आली कधी? अन् नवस तिचा हाय, मी कशी बोलू? डोळ्यानं पाह्यलं ते सांगतो. मनातलं तिचं ती जाणे." मग त्यांनी वर एक टोमणा मारला : "एवढी शिकली तू, अन् घरातले ताटं मोजता नाही आले तुले."

आठवडाभर मी हे तुझ्यापासून लपवले. कारण साधे आहे. आई माझ्यासाठी उपाशी राहत नव्हती, हे एक वेळ मी सहन केले असते. ती तुझ्यासाठी राहत होती, हे मला सहन झाले नाही. माझ्या या कोतेपणाची किंमत काल सकाळी आईने मोजली. म्हणून आता उरलेलेही सांगून टाकते. तुला ते वापरायचे असेल तसे वापर.

त्या जून महिन्यातले आठव. तू पुढच्या खोलीत वजनकाटा ठेवला होतास, आणि सकाळ-संध्याकाळ आहाराच्या सल्ल्याला बायका येत, हसत, काट्यावर चढत, उतरत. बाबा चार वर्षे तुझ्या गृहविज्ञानाला 'स्वयंपाकाची डिग्री' म्हणत होते, पण काटा त्यांनी चालू दिला होता. ते स्वतःही गुपचूप त्यावर उभे राहत. मग एके दिवशी जेवताना ते तुला म्हणाले, "हा तमाशा उद्यापासून बंद. तू इथे आहेस तोवर मुग्धाचा अभ्यास होत नाही. जमत नसेल तर दुसरं घर पाहा." तुझा हात वरणभातात होता. तू तशीच उठलीस.

ते वाक्य बाबांचे नव्हते. त्या दुपारी मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून म्हणाले होते, 'ताई या घरात आहे तोवर माझा अभ्यास होणार नाही.' तुझ्यासमोर बोलण्याचे धैर्य मला कधीच नव्हते. बाबांनी माझे वाक्य फक्त मोठ्या आवाजात वाचून दाखवले. तू त्यांच्याशी बोलणे टाकलेस, आणि मी दार लावून पुस्तक उघडले. जेवणाच्या वेळी मी कधीच बाहेर आले नाही, हे आता तुला समजेल.

क्षमा मागण्यासाठी हे लिहिलेले नाही. तू पोस्टकार्डावर जे लिहिलेस ते मी विसरलेली नाही, आणि आईला 'स्त्री, वय ५८' म्हटलेस तेही नाही. चौदा किलोमीटर अंतर तीन वर्षांत एकदाही न ओलांडण्याइतकी ताठ तू आहेस. हे माझ्या वाक्याने तुला शिकवले नव्हते. मला फक्त आईची साखर वर हवी आहे.

येत्या रविवारी, तीस तारखेला, रात्री आठ वाजता जेवायला ये. तक्ता आणू नकोस. बाबांना मी काही बोलू नका असे सांगेन. ते तरीही बोलतील. माझ्याशी तू बोलण्याची गरज नाही. ताट पुसलेले असेल.

मुग्धा

*

२ डिसेंबर

वेदिका हिस,

तू आठ वाजून वीस मिनिटांनी आलीस. आईने तोपर्यंत वरण तीनदा गरम केले होते.

बाबा बोलणार नाहीत असे कबूल करून दार उघडायला गेले आणि पहिलेच वाक्य म्हणाले, "वजन वाढलं की तुझं." आहारतज्ज्ञाला. आई हसली, तोंडाला पदर लावून, आणि तू 'तुमचा काटा बिघडलाय, बाबा' असे म्हणालीस. नंतर वरणात मीठ जास्त आहे असेही म्हणालीस. तीन वर्षांनी येऊन तुला एवढेच सुचले. आईने मात्र ते ऐकून आणखी एक पळी तुझ्या भातावर वाढली, आणि मग मांडणीवरून स्वतःचे ताट काढले. तिने भात कालवला. पहिला घास तिने दोनदा उचलून ताटात ठेवला, तिसऱ्यांदा खाल्ला. तो अशक्तपणा होता की आणखी काही, याचे निदान तू करशील. मी तुझ्यासमोर बसले होते. तू माझ्याकडे एकदाही पाहिले नाहीस.

जाताना फाटकाशी तू थांबलीस आणि गाडीची किल्ली हातात फिरवत विचारलेस, "वाक्य तुझं होतं, तर तीन वर्षं काय करून राहिली होतीस तू?"

मला तेव्हा उत्तर सुचले नाही. आता सुचले आहे : अभ्यास.

आई काल रात्री जेवली, आजही जेवली. भागीरथाकाकूंनी खिडकीतून पाहून गाईला गूळ घातला. आज सकाळची साखर एकशे अठरा होती. तेव्हा वैद्यकीय दृष्टीने तुझी या घराला आता आवश्यकता उरलेली नाही. आईला जे हवे होते ते एका रात्रीत मिळाले, आणि ती मुळात थोडक्यात समाधान मानणारी बाई आहे. मी तशी नाही.

एक दुरुस्ती. 'मुग्धा, स्त्री, वय २४' हा हिरवा कागद मी फाडला, असे ४ नोव्हेंबरच्या पत्रात लिहिले होते. फाडला नव्हता. तो टेबलाच्या खणात होता. आता भिंतीवर लावला आहे. हालचालीच्या चौकटीत पाच खुणा झाल्या, कारण आईबरोबर मीही चालते आणि हल्ली बाकावर बसत नाही. झोपेच्या चौकटीत तीन. चौथ्या चौकटीत एकच, तीस नोव्हेंबरची. काल आणि आज आम्ही तिघे एकत्र जेवलो, पण तुझ्या वाक्यात 'घरातील सर्वांनी' असे शब्द आहेत, म्हणून ती दोन घरे मी भरली नाहीत.

आणखी एकोणतीस रिकामी आहेत. अपूर्ण सोडलेली उत्तरपत्रिका मला पाहवत नाही, हे तुला ठाऊक आहे. आणि आठ म्हणजे आठ, आठ वीस नव्हे.

मुग्धा